दामदुप्पट इंधनाचा हिशेब

४ मार्च २०२४ रोजी तमिळनाडूतील कल्पाक्कम येथे पंतप्रधानांच्या उपस्थितीत पाचशे मेगावॉटच्या शीघ्र प्रजनक अणुभट्टीचा गाभा भरण्यास सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी आमच्या मोताळ्यात, बसस्थानकाजवळच्या चहाच्या दुकानात, ही बातमी वाचून झाल्यावर एका शेतकरी मित्राने वर्तमानपत्राची घडी माझ्यापुढे सारली आणि विचारले, “साहेब, तुमी बँकेतले. मले एक सांगा. हे म्हणतेत का जितकं जाळलं त्याच्याहून जास्ती इंधन निंघते. असं कुठी असते का?”

प्रश्न साधा होता, पण माझ्या वर्मावर बोट ठेवणारा होता. बँकेत माझी उभी हयात गेली. त्यात एक गोष्ट पक्की शिकलो, की ‘दामदुप्पट’ हा शब्द कुणी उच्चारला की आधी आपल्या खिशावर हात ठेवावा. नव्वदच्या दशकात ‘सागाच्या रोपांत पैसे गुंतवा आणि वीस वर्षांनी लाखो रुपये घ्या’ अशा जाहिरातींनी आमच्या भागातल्या कितीतरी नोकरदारांना मुदतीपूर्वी ठेवी मोडायला लावल्या. अशा वेळी “पुन्हा एकदा विचार करा” असे म्हणण्यापलीकडे अधिकाऱ्याच्या हातात काही नसते. ती झाडे मी कधी पाहिली नाहीत. ज्यांनी पैसे भरले त्यांच्यापैकीही फारशी कुणी पाहिली नसावीत. त्यामुळे जळून वाढणारे इंधन म्हटल्यावर माझ्यातला निवृत्त अधिकारी सावध झाला आणि तेव्हापासून या विषयावर हाती लागेल ते वाचत राहिला. मी शास्त्रज्ञ नाही, कादंबऱ्या लिहिणारा माणूस आहे. तरी मला जे उमगले ते असे: ही योजना खोटी नाही. पण तिचा व्याजदर कुणी मोठ्याने सांगत नाही, आणि तो व्याजदर भट्टीच्या गाभ्यात कोणते इंधन भरले यावर ठरतो.

आधी मित्राच्या प्रश्नाचे उत्तर. पावसाळ्यात चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या आपल्या आया-आज्या एक युक्ती करीत असत, ती पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल. वाळलेले सरपण चुलीत आणि ओली लाकडे चुलीभोवती. आजची भाकरी होईस्तोवर उद्याचे सरपण शेकून तयार. यात चमत्कार काही नाही. ओले लाकूड घरात होतेच, ते फक्त जळण्याजोगे नव्हते. खाणीतून निघणाऱ्या युरेनियमचे असेच आहे. त्याच्या हजार अणूंत जेमतेम सात अणू वाळलेले, म्हणजे सहज फुटणारे. बाकीचे नऊशे त्र्याण्णव ओले. या ओल्या अणूने एक न्यूट्रॉन गिळला की काही दिवसांत त्याचे प्लुटोनियम होते आणि प्लुटोनियम हे उत्तम वाळलेले सरपण आहे.

आता न्यूट्रॉनचा जमाखर्च. प्लुटोनियमचा एक अणू फुटला की सरासरी तीनच्या आसपास न्यूट्रॉन सुटतात. एकाने पुढचा अणू फोडायचा, म्हणजे साखळी चालू राहते. दुसऱ्याने एक ओला अणू वाळवायचा, म्हणजे जळाल्याची भरपाई होते. उरलेल्यातून गळती आणि फुकट गेलेले वजा करून जे शिल्लक राहील तो नफा. आपल्या तारापूरसारख्या नेहमीच्या भट्टीत पाणी असते. पाण्यात न्यूट्रॉनचा वेग मंदावतो, आणि मंद न्यूट्रॉन प्लुटोनियमच्या अणूवर आदळला की पुष्कळदा अणू फुटण्याऐवजी त्याला गिळून गप्प बसतो. नफा तिथेच संपतो. म्हणून न्यूट्रॉन वेगवान ठेवायचे, म्हणून पाणी नको, आणि पाणी नको म्हणून सोडियम.

सोडियम म्हणजे मिठातला अर्धा भागीदार. हा मऊ धातू ९८ अंश सेल्सियसला वितळतो आणि ८८३ अंशांना उकळतो, त्यामुळे दाब न देता तो पाण्यासारखा वाहता ठेवता येतो आणि उष्णता भराभर वाहून नेतो. कल्पाक्कमच्या नव्या भट्टीत तो गाभ्यात सुमारे ३९७ अंशांना शिरतो आणि ५४७ अंशांना बाहेर पडतो, अशी रचना आहे. गुण झाले, आता अवगुण. हवा लागली की तो पेटतो, पाणी लागले की भडकतो, त्याच्यातून आरपार काही दिसत नाही आणि भट्टीत फिरून आला की काही दिवस स्वतःच किरणोत्सारी असतो. म्हणून गाभ्यातले सोडियम आपली उष्णता दुसऱ्या सोडियमला देते आणि ते दुसरे मग पाण्याची वाफ करते. एका नळीच्या पातळ भिंतीच्या अलीकडे सोडियम आणि पलीकडे पाणी, हे ऐकून माझ्या गृहिणी वाचकांना गॅसच्या शेगडीशेजारी रॉकेलचा डबा ठेवल्यासारखे वाटेल. शास्त्रज्ञांनाही तसेच वाटते. त्यांची निम्मी शक्ती त्या भिंतीवर खर्च होते.

कल्पाक्कम दूर आहे, पण या गोष्टीचे माहेर महाराष्ट्रातच आहे. डॉ. होमी भाभांनी १९५४ साली जो तीन टप्प्यांचा आराखडा मांडला, त्याचा दुसरा टप्पा म्हणजे ही प्रजनक भट्टी. पहिल्या टप्प्यात देशी युरेनियम साध्या भट्ट्यांत जाळायचे, त्यातून निघालेले प्लुटोनियम दुसऱ्या टप्प्यात वाढवायचे आणि पुरेसे भांडवल जमले की तिसऱ्या टप्प्यात केरळच्या वाळूतल्या थोरियमकडे वळायचे. प्लुटोनियम वेगळे करण्याचा देशातला पहिला कारखाना साठच्या दशकात मुंबईच्या तुर्भ्याला उभा राहिला. तिथेच १८ मे १९७२ रोजी ‘पूर्णिमा’ नावाची एक चिमुकली भट्टी सुरू झाली. प्लुटोनियमच्या ऑक्साइडवर चालणारी, वेगवान न्यूट्रॉनची, एका वॉटच्या आसपास शक्तीची. एवढ्यात हातातली विजेरीही धड पेटायची नाही. पण वेगवान न्यूट्रॉन कसे वागतात हे आपल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले ते तिच्यात. बरोबर दोन वर्षांनी, १८ मे १९७४ रोजी, पोखरणला स्फोट झाला.

त्या स्फोटाने इंधनाची सगळी समीकरणे बदलली, आणि माझ्या मते या साऱ्या कहाणीतला सर्वांत रंजक भाग इथून सुरू होतो.

१९६९ मध्ये फ्रान्सशी करार झाला होता. त्यांच्या ‘राप्सोदी’ भट्टीच्या धर्तीवर कल्पाक्कमला प्रायोगिक प्रजनक भट्टी उभारायची, असे ठरले. इंधनही तसेच ठरले: प्लुटोनियमचे ऑक्साइड आणि त्यात मिसळलेले अतिसमृद्ध युरेनियमचे ऑक्साइड. अतिसमृद्ध म्हणजे शंभरात सुमारे पंच्याऐंशी अणू वाळलेले. असे युरेनियम आपल्याकडे तयार होत नव्हते; ते फ्रान्स देणार होता. पोखरणनंतर फ्रान्सने हात आखडता घेतला. (गंमत अशी की तारापूरसाठी अमेरिकेने इंधन नाकारल्यावर ऐंशीच्या दशकात तिथले इंधन पुरवायला हाच फ्रान्स पुढे आला. पण तारापूरला लागणारे युरेनियम दोन-तीन टक्के समृद्ध. बॉम्बच्या जवळ जाणारे नव्हे.) भट्टीचे बांधकाम चालू आणि चुलीत घालायला सरपण नाही, अशी अवस्था झाली. कर्जदाराने कारखाना उभारावा आणि ऐन वेळी कच्च्या मालाचा पुरवठादार पळावा, अशी प्रकरणे मी बँकेत पुष्कळ पाहिली आहेत. बहुतेक कारखान्यांना शेवटी कुलूपच लागते.

आपल्यापाशी होते ते फक्त स्वतःचे प्लुटोनियम आणि साधे युरेनियम. छोट्या गाभ्यात साखळी चालू ठेवायची तर प्लुटोनियमचे प्रमाण फार वाढवावे लागणार, आणि एवढे प्लुटोनियम असलेले ऑक्साइड सोडियमशी सुखाने नांदत नाही. एखादी नळी फुटली तर आत इंधन आणि सोडियम यांची रासायनिक झटापट होणार. मग तुर्भ्याच्या आणि कल्पाक्कमच्या मंडळींनी कार्बाइडचा पर्याय काढला: सत्तर टक्के प्लुटोनियम कार्बाइड, तीस टक्के युरेनियम कार्बाइड. (आंबे पिकवायच्या कार्बाइडशी त्याचे फक्त आडनाव सारखे आहे.) अशा मिश्रणावर संपूर्ण गाभा चालवणारी भट्टी जगात दुसरीकडे कुठेही नव्हती, म्हणजे विचारायला जावे तर घर नव्हते. कार्बाइडची भुकटी हवेत ठेवली की आपोआप पेटते. त्यामुळे तुर्भ्याच्या भाभा केंद्रात काचेच्या बंद पेट्यांत, आत निष्क्रिय वायू भरून, पेटीच्या भिंतीत बसवलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून त्या इंधनाच्या गोळ्या तयार झाल्या. ती माणसे कोण होती, ही कामे करून ती संध्याकाळी लोकलने घरी कशी जात असतील, असा विचार माझ्या मनात कादंबरीकार म्हणून अनेकदा येतो. त्यांच्या शेजाऱ्यांना तरी माहीत होते की नाही कोण जाणे.

१८ ऑक्टोबर १९८५ रोजी ती प्रायोगिक भट्टी सुरू झाली. सुरुवात अगदी दबकत. १९८७ मध्ये आतल्या आत इंधनाची जुडी हलवताना ती वाकली आणि भट्टी पुन्हा मार्गी लागायला दोन वर्षे गेली. २००२ मध्ये एका कक्षात ७५ किलो सोडियम गळाले. कक्षात नायट्रोजन भरलेला असल्याने आग लागली नाही. पण इंधनाने मात्र सगळ्यांचे अंदाज चुकवले. एखादे इंधन किती जळवून घेता येते ते टनामागे किती मेगावॉट-दिवस उष्णता मिळाली यावर मोजतात. या कार्बाइडला सुरुवातीला पंचवीस हजारांची परवानगी होती. तपासत तपासत, एकेक पायरी वाढवत ते इंधन एक लाख पासष्ट हजारांपर्यंत गेले. २००३ पासून कल्पाक्कमच्याच एका छोट्या संयंत्रात त्यावर पुनर्प्रक्रियाही झाली. भट्टी आपल्या पूर्ण ४० मेगावॉट औष्णिक शक्तीला पोचायला मात्र मार्च २०२२ उजाडला. सदतीस वर्षे. नडलेल्या माणसाची निवड अशी फळाला आल्याचे उदाहरण विरळा. पण त्या फळाला लागलेला काळही लक्षात ठेवावा.

आता मोठ्या भट्टीकडे येऊ. तिला २००३ साली मंजुरी मिळाली, तेव्हा अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षपदी आपले डॉ. अनिल काकोडकर होते. इथे कुणाची सक्ती नव्हती, निवड आपल्या हातात होती. कार्बाइडचा अनुभव गाठीशी होता, धातूच्या इंधनाचा मोह होता, आणि तरी निवडले ते ऑक्साइड. कारण सरळ आहे. फ्रान्स, रशिया, जपान यांचा सगळा अनुभव ऑक्साइडचा, ते बनवण्याची आणि नायट्रिक आम्लात विरघळवून परत मिळवण्याची रीत पाठ झालेली, आणि आपल्याकडे तारापूरच्या कारखान्यात हेच मिश्र ऑक्साइड बनवण्याचा हात बसलेला. कल्पाक्कमच्या गाभ्याचे इंधन तयार झाले ते आपल्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही.

हा गाभा कसा रचला आहे ते समजून घेण्यासारखे आहे. साडेसहा मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे पेन्सिलीहून किंचित बारीक अशा पोलादी नळ्या. त्यांत मण्यांसारख्या, मधोमध भोक असलेल्या गोळ्या. ऑक्साइड उष्णता फार सावकाश बाहेर सोडते, त्यामुळे गोळीचा मध्य दोन हजार अंशांच्या घरात तापतो. तिथे भोकच ठेवले की वितळायला काही उरत नाही. अशा २१७ नळ्यांची एक षट्कोनी जुडी आणि अशा १८१ जुड्यांचा गाभा. सगळ्या जुड्या सारख्या नाहीत. आमच्याकडे विटांची भट्टी लावणाऱ्याला विचारा: मधल्या विटा करपतात, कडेच्या कच्च्या राहतात. इथेही कडेने न्यूट्रॉन निसटतात, म्हणून मधल्या ८५ जुड्यांत प्लुटोनियम सुमारे एकवीस टक्के आणि बाहेरच्या ९६ जुड्यांत सुमारे अठ्ठावीस टक्के ठेवले आहे, की भाजणी सारखी व्हावी. त्याच्याही बाहेर, वर आणि खाली, ओली लाकडे: साध्या युरेनियमचे पांघरूण. निसटलेले न्यूट्रॉन तिथे अडकतात आणि उद्याचे सरपण तयार होते. गाभा अवघा मीटरभर उंचीचा. त्यातून १२५० मेगावॉट उष्णता आणि तिच्यापासून ५०० मेगावॉट वीज.

आणि व्याज? या रचनेत शंभर अणू जळाले तर एकशे पाच तयार होतील, असा संकल्पकांचा हिशेब आहे. ऐकायला पाच टक्के वाटते. इथे बँकवाल्याने चष्मा पुसावा. हे पाच टक्के भांडवलावर नाहीत, जळालेल्यावर आहेत. गाभ्यात भांडवल गुंतले आहे सुमारे दोन टन प्लुटोनियमचे. एक मेगावॉट उष्णता दिवसभर घ्यायची तर साधारण एक ग्रॅम इंधन फुटावे लागते. म्हणजे पूर्ण शक्तीने चालणारी ही भट्टी दिवसाला सव्वा किलो जाळील. वर्षातले पाऊण दिवस चालली तर सुमारे साडेतीनशे किलो. त्यावर पाच टक्के म्हणजे सतरा-अठरा किलो. दोन हजार किलोंवर वर्षाला अठरा किलो, म्हणजे शेकडा एकसुद्धा नाही. बहात्तरला व्याजदराने भागले की दामदुप्पटीची वर्षे मिळतात, हे कुठलाही कारकून सांगेल. उत्तर येते ऐंशीच्या आसपास. हा माझा ढोबळ हिशेब आहे, तज्ज्ञ त्यात चार चुका काढतील. पण त्याने उत्तर दशकांतून वर्षांत येणार नाही. आणि यात अजून एक खर्च धरलेलाच नाही. जळालेली जुडी बाहेर काढली की ती थंड व्हायची, कापायची, विरघळवायची, प्लुटोनियम वेगळे करायचे, पुन्हा गोळ्या करायच्या. तेवढा काळ ते भांडवल भट्टीबाहेर पडून असते आणि भट्टी थांबू नये म्हणून दुसरे तेवढेच भांडवल आत लावावे लागते. बाहेर जितके आत तितके धरले तर दर निम्मा.

याचा अर्थ ऑक्साइडची निवड चूक होती का? मला तसे वाटत नाही. पहिल्याच मोठ्या कर्जात कुणी जास्त व्याजाच्या मागे लागू नये, मुद्दल सांभाळावे. ऑक्साइडचा आणखी एक गुण असा, की ते तापले की त्यातले ओले अणू जास्त न्यूट्रॉन गिळू लागतात आणि भट्टी आपोआप जरा दबते. पण मग ही भट्टी म्हणजे ‘इंधन वाढवणारी भट्टी’ अशी तुतारी फुंकू नये. ती आपला खर्च भागवून चार पैसे मागे टाकणारी भट्टी आहे.

खरे व्याज धातूच्या इंधनात आहे. ऑक्साइडमधला ऑक्सिजन न्यूट्रॉनचा वेग थोडा कमी करतो आणि जागाही अडवतो. युरेनियम, प्लुटोनियम आणि थोडे झिर्कोनियम यांचा मिश्रधातू वापरला की हे दोन्ही तोटे टळतात आणि शंभराला एकशे तीस किंवा त्याहून अधिक परतावा मिळेल अशी गणिते आहेत. माझ्या त्याच ढोबळ रीतीने वर्षाला शंभर किलोंवर शिल्लक, म्हणजे शेकडा पाच, दामदुप्पट चौदा वर्षांत. पण बाहेर अडकलेले भांडवल धरले की अठ्ठावीस! म्हणजे इंधन बदलून जे कमावले त्यातले निम्मे पुनर्प्रक्रियेच्या दिरंगाईत जाते. ही एक गोष्ट मला वाचनात ठळकपणे कुठे भेटली नाही, कागदावर आकडे मांडल्यावर दिसली.

धातूच्या इंधनाची अमेरिकेत परीक्षा झाली आहे. आयडाहो राज्यातल्या एका प्रायोगिक भट्टीत ३ एप्रिल १९८६ रोजी पूर्ण शक्तीवर असताना सोडियम फिरवणारे पंप मुद्दाम बंद केले आणि नियंत्रक कांड्या खाली सोडल्या नाहीत. गाभा तापला, प्रसरण पावला, न्यूट्रॉन निसटू लागले आणि भट्टी स्वतःहून विझली. त्याच महिन्याच्या अखेरीस चेर्नोबिल झाले, त्यामुळे ही बातमी कुणाच्या स्मरणात राहिली नाही. धातूचा अवगुण असा, की तो ऑक्साइडपेक्षा कितीतरी लवकर वितळतो आणि जळता जळता फुगतो. फुगायला नळीत जागा ठेवावी लागते, आणि तो परत मिळवण्याची रीतही वेगळी, तापलेल्या वितळलेल्या क्षारातली. आपल्या प्रायोगिक भट्टीत अशा धातूच्या काही नळ्यांची चाचणी झाली आहे. पण चार नळ्या आणि चाळीस हजार नळ्या यांत, चार पेंढ्या आणि चार एकर यांत असतो तेवढा फरक आहे.

धोक्याबद्दल लिहिले नाही तर हिशेब अपुरा राहील. तारापूरच्या भट्टीत पाणी उकळून पोकळी झाली की साखळी मंदावते. इथे उलट आहे. गाभ्याच्या मध्यभागी सोडियम नाहीसे झाले तर न्यूट्रॉनचा वेग आणखी वाढतो आणि शक्ती चढू लागते. २००८ मध्ये अश्विन कुमार आणि एम. व्ही. रमणा या अभ्यासकांनी याच मुद्द्यावर बोट ठेवून लिहिले, की वाईटात वाईट अपघातातली ऊर्जा आपल्या संकल्पकांनी कमी धरली आहे आणि बाहेरचे कवच त्या मानाने दुबळे आहे. संकल्पकांचे म्हणणे असे, की दोन स्वतंत्र यंत्रणांच्या मिळून बारा नियंत्रक कांड्या असताना तिथवर वेळ येण्याची शक्यता नगण्य आहे. मी यात निवाडा देऊ शकत नाही. मात्र नगण्य हा शब्द मी कर्जवसुलीच्या कागदांत इतक्यांदा वाचला आहे, की आकडा दिल्याशिवाय तो मला पुरत नाही. इतरांचे अनुभव पाहावेत तर फ्रान्सने ‘सुपरफिनिक्स’ १९९७ मध्ये बंद करण्याचे ठरवले. जपानच्या ‘मोंजू’त ८ डिसेंबर १९९५ रोजी सोडियम गळून आग लागली आणि २०१६ मध्ये ती मोडीत काढायचा निर्णय झाला. रशियाची एक भट्टी १९८० पासून चालू आहे, तीही अनेक गळत्या पचवून. पण ती मुख्यतः समृद्ध युरेनियमवर चालली. पूर्ण प्लुटोनियम-मिश्र गाभ्यावर त्यांची दुसरी, मोठी भट्टी आली ती २०२२ मध्ये.

आता पैशाचे. मंजुरीच्या वेळी आपल्या भट्टीचा खर्च ३,४९२ कोटी आणि पूर्ततेचे वर्ष २०१० धरले होते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पायाच्या खड्ड्यात समुद्र शिरला, तो दोष कुणाचा नाही. पण खर्च पुढे ५,६७७ कोटींवर गेला आणि तिथेही थांबला नाही, आणि गाभा भरायला २०२४ साल लागले, त्याला समुद्र जबाबदार नाही. मला याहून खटकते ती दुसरीच गोष्ट. भट्टीला मंजुरी २००३ ची. तिचे इंधन परत फिरवणाऱ्या ९,६०० कोटींच्या कारखान्याला मंजुरी २०१३ ची. प्रात्यक्षिक स्वरूपाचा छोटा पुनर्प्रक्रिया कारखाना, सुमारे ४०० कोटींचा, २ जानेवारी २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. दुभती म्हैस दारात बांधायची आणि भांडी दहा वर्षांनी घ्यायची, असला हा व्यवहार आहे. वर हिशेबात दिसलेच, की परतीचा वेग मंद असेल तर इंधन कोणतेही निवडा, व्याज निम्मे.

शिवाय भांडवल मर्यादित आहे. मार्च २००६ मध्ये अमेरिकेशी चाललेल्या वाटाघाटींत कल्पाक्कमच्या दोन्ही प्रजनक भट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीबाहेर ठेवल्या गेल्या. डॉ. काकोडकरांनी त्याआधी महिनाभर हा आग्रह जाहीरपणे मांडला होता, आणि देशाच्या संशोधनाचे स्वातंत्र्य टिकवायला तो योग्यच होता, असे माझे मत आहे. पण त्याची किंमत अशी, की परदेशी युरेनियम जाळून तपासणीखालच्या भट्ट्यांत तयार होणारे प्लुटोनियम इकडे वळवता येत नाही. बियाणे फक्त घरचे, आणि घरचे थोडे.

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत शंभर गिगावॉट अणुविजेचे लक्ष्य जाहीर झाले. त्यात प्रजनक भट्ट्यांकडून काय अपेक्षा धरायची हे ठरवताना, माझ्यापुढे प्रस्ताव आला असता तर मी शेरा असा लिहिला असता: ऑक्साइडची पहिली भट्टी चालवा, पाच-सात वर्षे चालवा, सोडियमची ती भिंत टिकते का ते पाहा. तोवर त्याच नमुन्याच्या आणखी भट्ट्यांना रक्कम वितरित करू नका. धातूच्या इंधनाला कर्ज मंजूर करा, पण पहिला हप्ता पुनर्प्रक्रियेच्या कारखान्याला द्या, आणि जळालेली जुडी बाहेर निघाल्यापासून नवी होऊन आत जाईपर्यंत किती महिने लागले तो आकडा दर वर्षी छापा.

हे सगळे मी त्या मित्राला एका बैठकीत सांगू शकलो नाही. चार-पाच रविवार गेले. त्याच्या शेजाऱ्याच्या शेतात आता सौरपंप आहे, दिवसा पाणी देतो. याच्या शेताला अजून रात्रीच्या पाळीचीच वीज येते, तीही भुसावळच्या दीपनगरसारख्या केंद्रांत कोळसा जळतो तेव्हा. ऐंशी वर्षांचा आकडा ऐकून तो हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, “म्हंजे नातवाले.”

“पहिल्या इंधनावर नातवाच्या नातवाले,” मी म्हणालो. “दुसऱ्यावर पोराले. पण भांडे वेळेवर घासले तं.”

त्याने चहाचे पैसे दिले आणि विचारले, की ते घासायचे काम नेमके कुणाकडे असते.